बाबांच्या झुडपी सुटाची परीक्षा

‘बंदुकीच्या मोसमात कायद्यानं तुम्ही सगळे भडक नारिंगी कपडे घालून बसता, तरी हरणं मिळतातच. मग धनुष्यबाणाच्या मोसमात झुडपासारखे नटून बसता ते नक्की कुणासाठी?’

मॅरेन झिटलोनं हा प्रश्न विचारला तेव्हा एल्डर लेकच्या शिकारी क्लबात शुक्रवारची तळलेल्या माशांची पंगत ऐन रंगात होती. सत्तरएक माणसं, त्यांतली साठ तरी पानांच्या छापाच्या टोप्या घातलेली, तोंडाशी नेलेला घास तसाच धरून थांबली. प्रश्न तिचाच होता, पण तो सगळ्यांसमोर विचारायची पैज टेसा आणि जोसी या मैत्रिणींनी लावली होती. ‘तू नाही विचारणार,’ टेसा म्हणाली होती. ‘विचारलंस तरी कुजबुजशील,’ जोसी म्हणाली होती. सहा महिन्यांपूर्वी हे खरं ठरलं असतं. तेव्हाची मॅरेन वर्गात ‘खिडकी लावू का’ एवढं विचारायलासुद्धा आधी मनात चार वेळा तालीम करायची. पण या उन्हाळ्यात तिला आपला आवाज सापडला होता, आणि सापडलेली वस्तू ती कपाटात ठेवणाऱ्यांतली नव्हती.

अडचण एवढीच होती की ज्या वक्त्याला तिनं हा प्रश्न विचारला तो वक्ता म्हणजे तिचे बाबा होते.

ग्लेन झिटलो आठवडाभर विमा विकत, आणि दर ऑक्टोबरच्या तोंडावर क्लबात ‘अदृश्य होण्याची कला’ या विषयावर भाषण देत. यंदाचं बारावं. त्यासाठी ते ओकची पानं, वाळक्या काड्या आणि सालीच्या भेगा छापलेला सूट नखशिखान्त घालून, तोंडाला हिरवा-काळा रंग फासून, प्लॅस्टिकच्या नेच्यांच्या दोन कुंड्यांमध्ये उभे राहत आणि सुरुवातीलाच विचारत, ‘मी दिसतोय का?’ त्यावर सगळ्यांनी ‘अरे, कोण बोललं?’ असं म्हणायचं असतं. बारा वर्षं म्हणत आले आहेत. मॅरेनसुद्धा म्हणत आली होती, कारण घरच्या इज्जतीचा प्रश्न असतो.

आता मात्र हिरव्या-काळ्या रंगाच्या दोन बाजूंना बाबांचे कान लालबुंद झालेले सत्तर माणसांना स्वच्छ दिसले. अदृश्य होण्याच्या कलेत कानांची काही सोय केलेली नाही.

‘मॅरेन, खाली बस,’ बाबा म्हणाले.

‘उत्तर दिलंस की बसते.’

आधी कुणीतरी एक हसलं, मग सगळेच हसले. क्लबाचे अध्यक्ष ऑर्व्हिल स्टेल्टर यांनी मिशीला लागलेला पावाचा चुरा पुसला आणि म्हणाले, ‘गोड आहे हो तुझी पोर, ग्लेन.’

इथेच सगळं बिघडलं. मॅरेन पंधरा वर्षांची होती, शिकारीची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेली होती आणि तिचं धनुष्य तिचं स्वतःचं होतं. तिला कुणी मूर्ख म्हटलं असतं तर तिनं वाद घातला असता. पण गोड म्हटल्यावर माणूस काय करणार? गोड म्हणणाऱ्याशी भांडायला गेलं की आपण आणखीच गोड दिसतो.

‘मी गोड नाहीये,’ ती म्हणाली. ‘मी उत्तर मागतेय.’

‘उत्तर रानात मिळतं पोरी, पंगतीत नाही,’ स्टेल्टर म्हणाले.

‘मग चला रानात.’

हे तिच्या तोंडून कसं निघालं ते तिलाही कळलं नाही. टेसानं टेबलाखालून तिला जी लाथ मारली ती शाबासकीची होती की घाबरल्याची, यावर अजून त्या दोघींचं एकमत नाही. पण पुढच्या दहा मिनिटांत ताटाखालच्या कागदावर, तेलाचा डाग टाळून, स्टेल्टरनी करार लिहिलासुद्धा. तीन शनिवार. झिटलोंच्या रानात पहाटे दोन तास बाप एका टोकाला झुडपी सुटात, लेक दुसऱ्या टोकाला रानाशी काहीही संबंध नसलेल्या कपड्यांत. धनुष्य-बाण घरी. दोघांसमोर झाडांना क्लबाचे कॅमेरे बांधायचे, आणि जे हरीण वीस पावलांच्या आत येईल ते त्याच्या नावावर मोजायचं. लेक जिंकली किंवा बरोबरी झाली तर बंदुकीच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी पांढऱ्या पाइनच्या झाडावरचं मचाण तिचं. हरली तर पुढच्या पंगतीत उभं राहून बाबांची माफी मागायची, आणि अठरा वर्षांची होईपर्यंत त्यांच्याच शेजारी जमिनीवरच्या शिकारी खोपट्यात बसायचं.

त्या मचाणाबद्दल सांगायलाच हवं, कारण मॅरेनची खरी आग तिथली होती. झिटलोंच्या चाळीस एकरांत त्याच्याइतकी मोक्याची जागा दुसरी नाही. खाली ओढा, पलीकडे मक्याचं शेत, मधून हरणांची वाट. आणि दरवर्षी पहिल्या दिवशी तिथे कोण बसतं? मिलवॉकीहून येणारा एक दातांचा डॉक्टर. का? तर त्यानं स्वतःचा, बायकोचा आणि दवाखान्याचा विमा बाबांकडून घेतला आहे. हा गृहस्थ तिथे चढतो आणि घोरतो. खोपट्यातून ऐकू येतं. तीन वर्षं मॅरेननं बाबांच्या मांडीला मांडी लावून ते घोरणं ऐकलं होतं.

करारावर बाबांनी सही केली, तिनं केली.  घरी जाताना गाडीत आई एवढंच म्हणाली, ‘मासा बरा होता आज.’

सोमवारी मॅरेनला वाटलं, एवीतेवी रानात बसायचंच आहे तर हाच शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचा प्रयोग का नको? इथून पुढे जे झालं त्याला ती आजही स्वतःचा दोष मानत नाही. विज्ञानाच्या क्रूगर बाईंनी कल्पना ऐकून टाळ्या वाजवल्या आणि मग खण उघडला. ‘पाठीचा कणा असलेला प्राणी आला की हा सात पानी अर्ज भरावा लागतो गं,’ त्या म्हणाल्या. ‘नियम आहे.’

प्राण्यांची संख्या किती? मॅरेननं लिहिलं, ‘हेच शोधायचं आहे.’ प्राण्यांना कुठे ठेवणार? ‘जिथे आहेत तिथेच.’ पिंजऱ्याची सफाई किती वेळा? ‘पाऊस पडेल तेव्हा.’ पशुवैद्याची सही. गावातला पशुवैद्य गाईंचा, तो एका गाईच्या मागच्या बाजूला गुंतलेला असताना ती पोहोचली. त्यानं मोकळ्या हातानं सही केली आणि खाली शेरा मारला, ‘प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण तब्येत चांगली असावी.’

अर्ज परत आला. समितीच्या म्हणण्याप्रमाणे प्रयोगात वडीलही होते, म्हणजे माणूसही होता, म्हणजे वेगळा अर्ज. त्यात प्रश्न होता, ‘या प्रयोगामुळे सहभागी व्यक्तीला मानसिक त्रास होण्याची शक्यता आहे का?’ मॅरेननं ‘होय’वर खूण केली. ‘असल्यास त्याची भरपाई कशी करणार?’ यापुढची ओळ तिनं बराच वेळ कोरी ठेवली, आणि मग लिहिलं, ‘तो मोठा माणूस आहे.’

मग कपड्यांचा प्रश्न. रानाशी काहीही संबंध नसलेले कपडे म्हणजे कोणते? तिच्या कपाटातलं बहुतेक सगळं खाकी, तपकिरी किंवा चिखलाचं होतं, कारण ती शेवटी याच गावची होती. जोसी म्हणाली, ‘बँडचा गणवेश घाल की.’ आणि तिघींना एकदम पटलं. शाळेच्या बँडचा गणवेश किरमिजी होता. खांद्यावर पिवळ्या झालरी, छातीवर दोन रांगांत सोनेरी बटणं, विजारीला पिवळी पट्टी. जगातल्या कुठल्याही झाडाला असली पट्टी नसते.

पण बँडच्या सरांनी सांगितलं की गणवेश फक्त संचलनासाठी बाहेर जातो. मॅरेननं विचारलं, संचलन म्हणजे किती? सरांनी जरा विचार केला आणि म्हणाले, ‘शंभर पावलं तरी.’ तिनं लेखी हमी दिली. त्यामुळे पहिल्या शनिवारी, पुरतं उजाडायच्या आधी, झिटलोंच्या रानात एक मुलगी डावा-उजवा, डावा-उजवा करत, गुडघे कमरेपर्यंत उचलत ओढ्याकडे गेली. टोपीवरचा तुरा सरांनी दिला नव्हता. तुऱ्याला वेगळा अर्ज होता.

शेजारी हार्लन प्रोहास्का कुंपणाशी कॉफीचा मग घेऊन उभे होते. प्रोहास्काकाका पोस्टातून निवृत्त झालेले. आता पत्रांऐवजी ते सल्ले वाटत.

‘कपड्यांचं काही नसतं, मॅरेन,’ ते दबक्या आवाजात म्हणाले. ‘तुझ्या बापाला सांगू नकोस, पण सगळा खेळ वासाचा. तीन दिवस कांदा बंद. शॅम्पू बंद. शक्य असेल तर श्वाससुद्धा बेतानं.’

‘काका, तुम्हीसुद्धा झुडपी जाकीट घातलंय.’

‘हे उबदार आहे म्हणून,’ काका म्हणाले.

ओढ्याकाठी आधीच नेऊन ठेवलेल्या खुर्चीत ती बसली. आणि चाळीस मिनिटांनी, मानलं पाहिजे, एक मादी आली. मक्याच्या बाजूनं, एकेक पाय जपून टाकत, थेट तिच्याकडे बघत. किरमिजी रंग, झालरी, अठरा बटणं, सगळ्याकडे तिनं एखाद्या पाहुण्यासारखं नीट पाहून घेतलं आणि ती आणखी जवळ आली. पंधरा पावलं. बारा. मॅरेनच्या छातीत एवढा आनंद मावेना आणि तो तोंडातून बाहेर पडला: ‘बघितलंत!’

हरणानं नव्हतं बघितलं ते आता बघितलं. शेपटीचा पांढरा पंखा वर झाला आणि रान रिकामं. पण कॅमेऱ्यात नोंद झालेली होती. बाबांकडेही एक आलं होतं. एक विरुद्ध एक.

क्लबात यावर म्हणे पाऊण तास चर्चा झाली. स्टेल्टरांचं मत पडलं की मॅरेनचं हरीण खरं, पण ते नुसतं कुतूहलानं आलं होतं. मॅरेन टेबलाशी जाऊन उभी राहिली. ‘आणि बाबांचं कशानं आलं? विमा घ्यायला?’ हरीण मोजलं गेलं. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी घासही घेतला नाही, म्हणजे आतून हसले असावेत.

दुसऱ्या शनिवारचा सगळा दोष प्रोहास्काकाकांच्या माथी. वासाच्या बाबतीत कांदा बंद करून भागत नाही, उलट चांगला वास लावावा लागतो, असं म्हणून त्यांनी मॅरेन खुर्चीत बसल्यावर तिच्या बुटांवर सफरचंदाचा पाक ओतला. घरचा होता. बाटली रिकामी होईपर्यंत ओतला, कारण काका अर्धवट काम करत नाहीत. हरणांना सफरचंद आवडतं हे खरंच आहे. पण रानात ते रॅकूनलाही आवडतं. डोळ्यांभोवती काळे पट्टे असलेला एक भलामोठा रॅकून आला, खुर्चीसमोर बसला आणि दोन्ही पुढच्या पंजांनी तिचा डावा बूट धरून निवांत चाटायला लागला. पाय हलवला तर हरणं पळणार, नाही हलवला तर रॅकून हलणार नाही. मॅरेननं तास काढला. मग रॅकून उजव्या बुटाकडे वळला.

त्या दिवशी तिच्याकडे एकही हरीण आलं नाही. कॅमेऱ्यात रॅकूनचे एकशेचाळीस फोटो निघाले आणि ते क्लबाच्या भिंतीवर लागले. ‘गोड आहे,’ असं पुन्हा कुणीतरी म्हणालं, आणि या वेळी ते रॅकूनबद्दल म्हणाले की तिच्याबद्दल हे विचारायचं तिनं टाळलं.

बाबांकडे एक आलं. दोन विरुद्ध एक. परतताना मात्र ते ओढ्याच्या काठावरून घसरले आणि कमरेपर्यंत चिखलात गेले.

इथे आईचा प्रवेश होतो. शेरिल झिटलो या सगळ्या प्रकरणात तटस्थ होती. तिच्या मते दोघांनीही शनिवारी पहाटे झोपायला हवं होतं. पण बाबांचा झुडपी सूट ही चीज घरात वेगळीच होती. तो कधीच इतर कपड्यांबरोबर धुतला जात नसे. बाबा तो बिनवासाच्या साबणानं हातानं धूत, अंगणात वाळवत आणि झाकणाच्या डब्यात पाइनच्या काड्या, ओकची फळं आणि दोन मुठी माती घालून त्यात ठेवत. हे फक्त ते एकटे करत नाहीत, अर्धं गाव करतं. कपड्यात माती भरायला डबा विकत घेणारी माणसं इथे शहाणी समजली जातात. पण सोमवारी बाबा कामाला गेलेले, आणि ओढ्याच्या चिखलानं तळघरात असा वास सुटला की आईनं नाक दाबून तो सूट उचलला आणि टॉवेल-चादरींबरोबर मशीनमध्ये टाकला. वर शुभ्र पांढरेपणा देणारी पावडर, तीही दोन चमचे. धुऊन, वाळवून, पुन्हा मातीच्या डब्यात जसाच्या तसा. ती कुणाला काही बोलली नाही. बोलण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

गुरुवारी मॅरेननं क्रूगर बाईंकडून जांभळ्या उजेडाचा दिवा आणला. शाळेत तो दगड तपासायला वापरतात, काही दगड त्यात चमकतात म्हणून. बाईंनी सांगितलं होतं की हरणांना लाल-नारिंगी फार कळत नाही, पण निळं आणि त्याच्याही पलीकडचं, जे आपल्याला दिसतच नाही, ते त्यांना दिसतं. आणि पांढरेपणाच्या पावडरीत नेमकी तीच चमक असते. मॅरेनला गणवेश तपासायचा होता. तळघरात अंधार करून तिनं दिवा लावला. गणवेश काळपट दिसला, मुकाट. मग सहज म्हणून तिनं बाबांचा डबा उघडला.

सूट पेटला. खरंच, दुसरा शब्द नाही. ओकची पानं, काड्या, सालीच्या भेगा, सगळं फिकट निळ्या उजेडात असं झगमगलं की एखाद्या हॉटेलाची पाटीच डब्यात घडी करून ठेवली आहे असं वाटावं.

मॅरेन डब्याशेजारी जमिनीवर बसली. सांगावं का? सांगितलं तर बाबा दोन रात्री तो सूट ओढ्याच्या पाण्यात खळबळत बसतील. नाही सांगितलं तर? नाही सांगितलं तर ही लबाडी होईल का? तिनं प्रामाणिकपणे विचार केला, निदान पाच मिनिटं, आणि तिला सुचलं की ज्याच्यावर प्रयोग चालू आहे त्याला काही सांगायचं नसतं, हे तर अर्जातच लिहिलं होतं. म्हणजे ही लबाडी नव्हती, ही शिस्त होती. शिवाय शनिवारी बाबांकडे चिटपाखरूही फिरकणार नव्हतं. तिला स्वतःला बरोबरीपुरतं एकच हवं होतं. पांढरा पाइन तिला आत्तापासूनच दिसायला लागला.

शनिवारी गोठवणारी थंडी होती. शंभर पावलं चालून ती बसली. नाक गळत होतं, ते पुसलं. झालर मानेला टोचत होती, ती सारखी केली. उजवा पाय बधिर झाला, तो डाव्यावर घेतला. मग डावा उजव्यावर. बाबांची काय गत झाली असेल या कल्पनेनं तिला हसू आलं आणि हसताना खुर्ची करकरली. खिशात टेसाचा निरोप आला, ‘आलं का?’ तिनं ‘नाही’ लिहिलं. मग जोसीचा आला. मक्याच्या कडेला तीन वेळा शेपट्यांचे पांढरे पंखे वर झालेले तिनं पाहिले, पन्नास-साठ पावलांवर, जाताना.

दुपारी स्टेल्टरांच्या गॅरेजमध्ये फोटो बघितले. बाबांच्या कॅमेऱ्यात आधी दोन माद्या. मग एक नर, आठ टोकांच्या शिंगांचा. नऊ पावलांवर. एका फोटोत तर त्या नरानं मान पुढे करून बाबांच्या दिशेला हुंगलं होतं, आणि बाबा तिथे होते. नुसते होते. दोन तासांच्या साऱ्या फोटोंत बाबांची मान, हात, गुडघा, एक रेघसुद्धा हललेली नव्हती.

पाच विरुद्ध एक.

‘झालं,’ स्टेल्टर म्हणाले. ‘कपडे म्हणजे कपडे. पुढच्या शुक्रवारी माफी.’ आणि वर त्यांनी तिच्या डोक्यावर थोपटलं.

घरी येईपर्यंत मॅरेन मनातल्या मनात हरणांशी भांडत होती. ही हरणं काय आंधळी होती? त्यांच्यासमोर एक माणूस पाटीसारखा झगमगत बसला होता आणि त्यांना त्याच्या अंगाखांद्यावर खेळायचं होतं? इतकी वर्षं विज्ञानानं ज्यांच्या डोळ्यांचा अभ्यास केला त्यांनी ऐन वेळी असं वागावं? आणि ती, जी बरोबर होती, जिला रानात बसलेल्या तिघांत एकटीलाच खरं काय ते माहीत होतं (तिसरा रॅकून), ती पाच-एकनं हरली होती. चूक असून हरणं समजू शकतं. बरोबर असून हरण्याची माफी मागायची म्हणजे कशाची मागायची?

रविवारी जेवताना बाबा तेराव्या भाषणाची तयारी करत होते. ‘सुरुवात त्या नरानं करतो,’ ते आईला सांगत होते. ‘नऊ पावलं, शेरिल. मी म्हणजे ओकच झालो होतो. आता छापाची ताकद कळते बघ.’

तिथे मॅरेनचा संयम संपला.

‘बाबा, तळघरात चल.’

‘जेवतोय मी.’

‘आत्ता चल. आई, तूपण.’

तिनं डबा उघडला, दिवा बंद केला आणि जांभळा लावला. तळघर उजळलं.  बाबांनी बाही उचलली, ती चमकली. दुसरी उचलली.

‘हे काय आहे?’ ते म्हणाले.

‘हरणांना तू काल असा दिसत होतास. साधारण.’

‘मी धुतला,’ आई म्हणाली. ‘सोमवारी. टॉवेलांबरोबर. घाण येत होती, ग्लेन.’

‘टॉवेलांबरोबर,’ बाबा म्हणाले. विमा बुडालेल्या माणसाशी ते ज्या आवाजात बोलतात तो हा आवाज होता.

‘मला गुरुवारीच कळलं होतं,’ मॅरेन म्हणाली. हे सांगायचं तिचं ठरलेलं नव्हतं, पण आवाज सापडल्याचा हा एक तोटा असतो. ‘मी सांगितलं नाही. मला वाटलं, तुझ्याकडे एकही येणार नाही.’

बाबा पायरीवर बसले. आता ते ओरडतील म्हणून आईनं मशीनचा आधार घेतला. पण ते सुटाकडेच बघत होते.

‘म्हणजे त्यांना मी दिसत होतो.’

‘दिसत काय, झगमगत होतास.’

‘आणि तरी आली.’

‘तरी आली,’ मॅरेन म्हणाली, आणि तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. ‘कारण तू हलला नाहीस. दोन तास, बाबा. मी सगळे फोटो बघितले. मी एका मिनिटात सात वेळा हलते, मी मोजलं. तुझं नाक खाजलं नाही?’

‘खाजलं ना,’ बाबा म्हणाले. ‘पहिला तास फक्त नाकच होतं.’

‘मग?’

‘मग काय? खाजू दिलं.’ त्यांनी खांदे उडवले. ‘वारा तोंडावर घ्यायचा, पाठ खोडाला लावायची, आणि मग काही करायचं नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे?’

‘बारा वर्षं तू सुटाबद्दल बोलतोयस,’ आई म्हणाली, ‘आणि हे सांगण्यासारखं नाही?’

 बाबांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी दोन गोष्टी होत्या: बारा भाषणं वाया गेल्याचं दुःख, आणि हरणं आपल्यासाठी आली, कपड्यांसाठी नाही, हे आत्ता कळल्याचा चोरटा आनंद. दुसरी पहिलीला हळूहळू ढकलत होती. मग त्यांनी घसा खाकरला.

‘तुझं म्हणणं बरोबर होतं तर. पाइन तू घे. डॉक्टरला मी सांगतो काहीतरी. स्टेल्टरलाही फोन करतो. हा दिवा ने शुक्रवारी, दाखव सगळ्यांना. मी बसेन हवं तर सूट घालून.’

मॅरेननं क्षणभर ते डोळ्यांपुढे आणलं. सत्तर माणसं, दिवे बंद, आणि दोन प्लॅस्टिकच्या नेच्यांमध्ये झगमगणारे बाबा. टेसा आणि जोसी आयुष्यभर तिचे पाय धुऊन पाणी प्यायल्या असत्या. स्टेल्टरना कुणाच्याही डोक्यावर थोपटायला तोंड राहिलं नसतं. आणि पांढऱ्या पाइनवर चढून ती काय करणार होती? मिनिटाला सात वेळा हलणार होती. दातांचा डॉक्टर निदान घोरताना स्वस्थ तरी असतो.

बक्षीस म्हणून मिळालेलं मचाण तिला चाललं असतं. पण हे बक्षीस नव्हतं, भरपाई होती, आणि भरपाई म्हणजे बाबांचा धंदा.

तिनं जांभळा दिवा बंद केला, तळघराचा साधा दिवा लावला. सूट पुन्हा पानांचा आणि काड्यांचा झाला.

‘मी ठरवलंय,’ ती म्हणाली. ‘दोघंही ऐका, मध्ये बोलू नका. शुक्रवारी मी उभी राहून माफी मागणार आहे, कारण करारावर सही माझी आहे. दिवा बाईंना परत जाणार. पाइन मला यंदा नकोय, पहिल्या दिवशी मी खोपट्यात तुझ्या शेजारी बसणार. आणि उद्यापासून रोज पहाटे, शाळेच्या आधी तासभर, तू मला स्वस्थ बसायला शिकवायचंस. विनंती नाहीये ही. आणि झुडपी सूट नाही, चर्चला जायचा कोट घालून यायचं, बाबा. टायसकट.’